रेंज फुल्ल, पण नंबर लागत नाही

दोन वर्षांपूर्वी परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री मी आमच्या विद्यापीठाच्या एका लांबच्या उपकेंद्रात मुक्कामाला होते. मुलींच्या वसतिगृहाच्या वाचनकक्षात सत्तर-ऐंशी जणी, प्रत्येकीच्या हातात फोन. मोबाइलची रेंज तिथे येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त वायफायवर. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, पान मात्र उघडेना. बाराला लिंक बंद झाली. एमएस्सीच्या एका मुलीला नंतर लेट फी भरावी लागली, आणि ती रक्कम तिच्या महिन्याच्या मेसच्या बिलाच्या जवळपास जाणारी होती. सकाळी नेटवर्क बघणारा माणूस आला, फोनकडे बघून म्हणाला, "मॅडम, रेंज फुल्ल आहे. आपल्याकडून काही प्रॉब्लेम नाही."

तो खोटं बोलत नव्हता. रेंज होतीच. माझं पीएचडीचं काम या रेंजच्या पलीकडे काय चालतं त्यावर आहे, आणि त्याची सुरुवात कुठून झाली हे सांगायचं तर ५० वर्षं मागे आणि पॅसिफिक महासागराच्या मध्यावर जावं लागतं. गंमत म्हणजे तिथेही अडचण हीच होती: एक विद्यापीठ, बरेच कॅम्पस, आणि मध्ये धड तार नाही.

हवाई विद्यापीठाचा मुख्य कॅम्पस होनोलुलूजवळ मानोआच्या दरीत, ओआहू बेटावर. एक कॉलेज हिलोला, म्हणजे थेट दुसऱ्या बेटावर, आणि बाकीची कम्युनिटी कॉलेजं आणखी बेटांवर विखुरलेली. होनोलुलू ते हिलो हे अंतर साधारण मुंबई ते रत्नागिरी एवढं, पण मध्ये समुद्र. १९६०च्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर म्हणजे मानोआतलं एक अवाढव्य मशीन, आणि ते वापरायचं तर टेलिफोनच्या लाइनवरून टर्मिनल जोडायचं. बेटांवरच्या लाइनी महाग होत्या आणि त्यांचा दर्जाही यथातथाच होता.

नॉर्मन अब्रॅमसन हे या विद्यापीठातले प्राध्यापक. सर्फिंगच्या ओढीने ते हवाईला आले, असं त्यांनीच सांगितलंय. त्यांना खटकली ती लाइनीच्या किमतीपेक्षा तिची उधळपट्टी. टर्मिनलवर बसलेला माणूस एक ओळ टाइप करतो, मग विचार करतो, चहा पितो, परत एक ओळ. लाइन मात्र पूर्ण वेळ त्याच्याच नावावर अडकून पडलेली. एका माणसासाठी अख्खी एसटी आरक्षित करावी आणि त्याने वाटेत तीन तास झोपा काढाव्यात, तसा प्रकार. १९६८ मध्ये त्यांच्या गटाने 'अलोहा' प्रकल्प हाती घेतला आणि जून १९७१ मध्ये ते जाळं रेडिओवर चालू झालं.

त्याची रचना एका परिच्छेदात बसते. टर्मिनलकडून येणाऱ्या सगळ्या संदेशांसाठी एकच रेडिओ वारंवारता, ४०७.३५० मेगाहर्ट्झ. मानोआहून परत जाणाऱ्या उत्तरांसाठी दुसरी, ४१३.४७५. मानोआत संदेश झेलायला एक छोटा कॉम्प्युटर ठेवला होता, त्याचं नाव मेनेहुने. हवाईच्या लोककथांमध्ये रात्रीत गुपचूप कामं उरकणारी बुटकी माणसं असतात, त्यांना मेनेहुने म्हणतात. (अर्पानेटमध्ये हे काम करणाऱ्या यंत्राचं नाव आयएमपी, म्हणजे 'इंप', इंग्रजीतलं खोडकर भूत. त्यावर केलेली ही कोटी.) परतीच्या वाटेवर बोलणारा एकटा मेनेहुने, तिथे भांडण नाही. खरा प्रश्न जायच्या वाटेवरचा: इतक्या टर्मिनलपैकी कोणी कधी बोलायचं?

अब्रॅमसन यांचं उत्तर ऐकून आजही माझे विद्यार्थी हसतात. ज्याला जेव्हा बोलायचं तेव्हा बोला. परवानगी नाही, रांग नाही. पाकीट पाठवा आणि पोचपावतीची वाट बघा. पावती आली तर झालं. नाही आली तर समजा की दुसऱ्या कोणाच्या पाकिटाशी टक्कर झाली. मग थोडं थांबा आणि परत पाठवा. फक्त किती थांबायचं ते प्रत्येकाने नाणं उडवल्यासारखं, मनाला येईल तसं ठरवायचं. दोघेही नेमके तेवढेच थांबले तर परत टक्कर ठरलेलीच. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात, तसं.

याची किंमत किती? पाकीट जितका वेळ हवेत असतं, त्याच्या दुप्पट वेळात दुसऱ्या कोणी तोंड उघडायला नको, कारण माझ्या आधी सुरू झालेलं पाकीटही माझं डोकं फोडू शकतं. गणित केलं की उत्तर येतं: सगळं जमून आलं तरी वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कामी लागतो. बाकी शांतता किंवा टकरी. ऐकायला वाईट वाटतं, पण हिशेब करून बघा. प्रत्येक टर्मिनल ३० सेकंदांनी एक पाकीट पाठवतं आणि पाकिटाला ३४ मिलिसेकंद लागतात असं धरा. तर त्या एका वाहिनीवर १६२ टर्मिनलं बसतात. भाड्याच्या १६२ लाइनींशी तुलना करा, मग १८ टक्के कमी वाटत नाहीत. पुढे १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी सुचवलं की सगळ्यांनी ठरावीक ठोक्यावरच बोलायला सुरुवात करायची. तेवढ्याने आकडा दुप्पट होतो.

या रॉबर्ट्स यांच्याबद्दलचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्पानेटच्या पैशाच्या चाव्या त्यांच्या हातात. १९७२ मध्ये अब्रॅमसन त्यांच्या ऑफिसात बसलेले असताना रॉबर्ट्स कशासाठी तरी बाहेर गेले. फळ्यावर कुठे कधी यंत्र बसवायचं याची यादी होती. अब्रॅमसन यांनी खडू उचलला, यादीत अलोहाचं नाव घातलं आणि पुढे सुचेल ती तारीख टाकली: १७ डिसेंबर. त्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी त्यांना फोन आला, यंत्र येतंय, जागा तयार ठेवा. हवाई असं उपग्रहामार्गे अर्पानेटला जोडलं गेलं.

तिथून पुढची वाट बहुतेकांना ठाऊक असते. बॉब मेटकाफ यांनी अलोहावरचा पेपर वाचला आणि हार्वर्डने आधी नाकारलेल्या आपल्या प्रबंधात त्याचं विश्लेषण घातलं. १९७३ मध्ये त्यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत तारेवरचं जाळं मांडलं, ते इथरनेट. त्यात बोलण्याआधी ऐकायचं आणि बोलता बोलताही टक्कर ओळखायची सोय होती. म्हणून पुस्तकं इथरनेटला अलोहाची सुधारलेली आवृत्ती म्हणतात आणि वायफायला बिनतारी इथरनेट.

मला हे अर्धवट वाटतं. रेडिओवर स्वतः बोलताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही, कारण आपलाच आवाज कानठळ्या बसवतो. शिवाय भिंतीपलीकडचा फोन मला ऐकूच येत नाही, राउटरला मात्र आम्ही दोघी ऐकू येतो. त्यामुळे १९९७ मध्ये वायफायचं मानक आलं तेव्हा इथरनेटचं टक्कर ओळखणं सोडून द्यावं लागलं आणि अलोहाची पोचपावती परत आणावी लागली. आधी ऐका, मग मनाला येईल तेवढं थांबा, मग बोला, पावतीची वाट बघा. तुमचा फोन आत्ता हेच करतोय.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अॅलेक्स हिल्स यांनी १९९३ पासून अख्ख्या कॅम्पसवर बिनतारी जाळं उभं करायला घेतलं. त्या कामातून निघालेला धडा असा की कोपऱ्याकोपऱ्यात रेंज पोचवणं ही एक गोष्ट आणि गर्दीला पुरेसा वेळ वाटून देणं ही वेगळीच. जिथे माणसं जास्त, तिथे राउटरही जास्त हवेत, आणि शेजारच्यांची वाहिनी वेगळी हवी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. त्यात भर म्हणजे वायफाय प्रत्येकाला बोलायची संधी सारखी देतं, वेळ सारखा देत नाही. लांबच्या कोपऱ्यातला मंद फोन तेवढंच पाकीट रेंगाळत पाठवतो आणि राउटरखाली बसलेलीही त्याच्या गतीवर येते. ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे मोजून दाखवलं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावरच आहे.

त्या वाचनकक्षात ऐंशी फोन आणि एक राउटर होता. रेघा दाखवतात आवाज किती मोठा येतो ते. बोलायचा नंबर कधी लागेल, हे त्या सांगत नाहीत.

मागच्या महिन्यात मी परत तिथे गेले. तक्रारीची दखल घेऊन कक्षात आणखी दोन राउटर बसवलेत, नवेकोरे, हिरवे दिवे लुकलुकणारे. लॅपटॉप काढून वाहिन्या बघितल्या. तिन्ही ६ नंबरवर. सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागतात, पण पासवर्ड मुख्य कॅम्पसवर असतो, म्हणून अर्ज लिहून दिलाय. फॉर्मची पुढची तारीख नोव्हेंबरात आहे.