एकच गोळी, दोन पोलीस: नॉर्वेचा 'इन्सोम्निया' आणि नोलनचा रिमेक, नेमका फरक काय?

क्रिस्टोफर नोलन म्हटलं की 'इन्सेप्शन', 'इंटरस्टेलर', 'ओपनहायमर' ही नावं लगेच आठवतात. पण 'मेमेंटो' आणि 'बॅटमॅन बिगिन्स' यांच्या मधल्या काळात त्याने एक सिनेमा केला होता, ज्याची चर्चा फारशी होत नाही. तो म्हणजे २००२ चा 'इन्सोम्निया', म्हणजेच निद्रानाश.

हा सिनेमा १९९७ मध्ये नॉर्वेत आलेल्या, याच नावाच्या सिनेमाचा रिमेक आहे. मूळ सिनेमाचा दिग्दर्शक एरिक श्योल्डब्यर्ग. मोठ्या लांबीचा हा त्याचा पहिलाच सिनेमा होता.

दोन्ही सिनेमांची गोष्ट जवळपास सारखी आहे. तरीही बघून झाल्यावर डोक्यात राहणारा पोलीस मात्र एक नसतो.

(स्पॉयलर अलर्ट: पुढे दोन्ही सिनेमांचा शेवट सांगितला आहे.)

दोन्हींची गोष्ट काय आहे?

उत्तरेकडच्या एका गावात शाळकरी मुलीचा खून होतो. मारेकऱ्याने तिचे केस धुतलेले असतात, नखं कापलेली असतात, म्हणजे पुरावा शून्य. तपासासाठी बाहेरून एक नावाजलेला पोलीस अधिकारी येतो, सोबत त्याचा जोडीदार.

मारेकऱ्यासाठी सापळा लावला जातो. दाट धुक्यात पाठलाग सुरू होतो, अधिकारी गोळी झाडतो आणि ती लागते त्याच्याच जोडीदाराला. जोडीदार मरतो. अधिकारी खरं सांगायचं सोडून खून मारेकऱ्याच्या नावावर ढकलतो. अडचण एवढीच की मारेकऱ्याने सगळं पाहिलेलं असतं. इथून दोघं एकमेकांच्या मुठीत अडकतात.

त्यात दिवस उन्हाळ्याचे, रात्रीही उजेड. अधिकाऱ्याला झोप येत नाही.

ट्रॉम्सो ते अलास्का

मूळ सिनेमा घडतो नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात. हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या बरंच उत्तरेला आहे. तिथे साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून दोन महिने सूर्य मावळतच नाही.

रिमेकमध्ये गोष्ट अलास्कातल्या नाइटम्यूट गावात जाते. या नावाचं गाव खरंच आहे, पण ते आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला येतं. तिथे उन्हाळ्यात अंधार फारसा पडत नाही, सूर्य मात्र काही तास क्षितिजाखाली जातो. शिवाय खरं नाइटम्यूट टुंड्रा प्रदेशात आहे. सिनेमातले डोंगर आणि जंगल बरंचसं कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातलं आहे.

पोलीस बदलला, तिथेच सगळं बदललं

मूळ सिनेमात स्टेलान स्कार्सगार्डने योनास एंगस्ट्रम हा स्वीडिश अधिकारी साकारलाय. एका साक्षीदार महिलेशी नको तितकी जवळीक केल्यामुळे तो स्वीडनमध्ये बदनाम झालेला आहे. नॉर्वेचे पोलीस एरवी अंगावर बंदूक बाळगत नाहीत, याच्याकडे मात्र ती असते. त्यामुळे त्याची गोळी लपवण्याला आणखी एक कारण मिळतं. जोडीदाराशी त्याचं काही वाकडं नसतं. ती निव्वळ चूक असते. भयंकर आहे ते त्यानंतरचं त्याचं थंड डोकं.

रिमेकमध्ये अल पचिनोचा विल डॉर्मर लॉस एंजेलिसहून येतो. त्याच्यामागे खात्याची चौकशी लागलेली असते आणि जोडीदार त्या चौकशीत तोंड उघडणार असतो. एका बालहत्येच्या खटल्यात गुन्हेगार सुटू नये म्हणून डॉर्मरने खोटा पुरावा पेरलेला असतो. आता गोळी चुकून लागली की मनातून लागली, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

म्हणजे नोलनने पोलिसाला हेतू दिला आणि सोबत टोचणीही दिली.

तीन प्रसंग, दोन सिनेमे

कुत्रा: पुराव्यात फेरफार करायला अधिकाऱ्याला एक वापरलेली गोळी हवी असते. एंगस्ट्रम त्यासाठी जिवंत कुत्रा मारतो. डॉर्मर आधीच मेलेल्या कुत्र्यावर गोळी झाडतो.

बंदूक: मुलीच्या बॉयफ्रेंडला अडकवण्यासाठी एंगस्ट्रम स्वतः त्याच्या खोलीत बंदूक ठेवतो. डॉर्मर ती खऱ्या मारेकऱ्याच्या घरात लपवतो आणि मारेकरीच ती बॉयफ्रेंडकडे पोहोचवतो.

बायका: एंगस्ट्रम तपासातल्या शाळकरी मुलीला गाडीत नको तसा स्पर्श करतो, हॉटेलच्या रिसेप्शनिस्टवर जबरदस्ती करू पाहतो. डॉर्मर हॉटेलवाल्या बाईपाशी आपलं मन मोकळं करतो.

तिन्ही ठिकाणी रिमेकने पोलिसाच्या हातावरची घाण थोडी पुसली आहे.

शेवट काय सांगतो?

दोन्हीकडे गावातली एक पोलीस अधिकारी महिला खऱ्यापर्यंत पोहोचते. तिच्या हाती बंदुकीची रिकामी पुंगळी लागते.

मूळ सिनेमात हिल्डे हागेन ती एंगस्ट्रमसमोर ठेवते आणि निघून जाते. मारेकरी बुडून मेलेला असतो, केस बंद होते. एंगस्ट्रम गाडी घेऊन निघतो. त्याला ना शिक्षा होते, ना माफी मिळते. शेवटी उरतात अंधारात उघडे राहिलेले त्याचे डोळे.

रिमेकमध्ये डॉर्मर आणि मारेकरी फिंच (रॉबिन विल्यम्स) दोघंही गोळीबारात संपतात. एली बर (हिलरी स्वँक) पुंगळी फेकून द्यायला निघते, तेव्हा मरता मरता डॉर्मरच तिला थांबवतो. मग त्याला हवी असलेली झोप मिळते. 'डॉर्मर' हे आडनावही झोपेच्या लॅटिन शब्दाची आठवण करून देणारं आहे.

मग आधी कोणता बघावा?

रिमेक थरार म्हणून भक्कम आहे. एरवी लोकांना हसवणारा रॉबिन विल्यम्स इथे शांत आवाजात अंगावर काटा आणतो. लाकडी ओंडक्यांवरचा पाठलाग तर चुकवू नये असा.

पण नोलनचा पोलीस चुकतो, पस्तावतो आणि किंमत मोजतो, त्यामुळे प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं. नॉर्वेचा सिनेमा ही सुटका देत नाही. गुन्हा करणारा पोलीस मोकळा फिरतोय आणि ते फक्त दोघांना माहीत आहे, एवढं सांगून तो थांबतो.

म्हणून आधी नोलनचा बघा, मग नॉर्वेचा. उलट क्रमाने बघितलं तर रिमेक जरा जास्तच दयाळू वाटण्याची शक्यता आहे.