पूर्णेचं पाणी आणि बाल्कनचा गहू

किडनीच्या आजारावर लिहायचं म्हटलं की सगळे डायलिसिसपासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करतो, पण फार वेळ थांबणार नाही.

आमच्या घरात हा शब्द आला तो जयप्रकाश नारायणांमुळे. २६ जून १९७५ ला अटक झाली तेव्हा जेपी चालतेबोलते होते. नोव्हेंबरात चंदीगडहून पॅरोलवर सुटले ते मुंबईच्या जसलोकमध्ये दाखल झाले, आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निदान झालं. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९७९ ला जाईपर्यंत ते डायलिसिसवरच जगले. मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि इंदिरा गांधींनी पाठवलेली रक्कम जेपींनी परत केली. हे सगळं आमच्या आजोबांना तोंडपाठ होतं. पण मूत्रपिंडं नेमकी कशाने गेली, यावर मात्र पुढे वर्षानुवर्षं वाद होत राहिला. देशातला एवढा मोठा माणूस, सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेसमोर असलेला, आणि तरी कारणावर एकमत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

उपचारांची गोष्ट तशी सरळ आणि चढती आहे. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन कागद एका फिरत्या पिंपावर गुंडाळून रक्त गाळायचं यंत्र केलं. पहिले बरेच रुग्ण दगावले, १९४५ मध्ये एक बाई वाचली. १९५४ मध्ये बोस्टनला एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. १९६० मध्ये सिएटलच्या स्क्रिब्नरने टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून पुन्हापुन्हा डायलिसिस करणं शक्य केलं. वेल्लोरला १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या किडनीचं यशस्वी प्रत्यारोपण झालं. आणि आमच्याकडे? जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. जळगावला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. (आम्हा जळगावकरांना धुळ्याचा हेवा वाटायचे प्रसंग कमीच, त्यातला हा एक.) आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि त्यात डायलिसिस फुकट होतं. जे एकेकाळी जसलोकमध्ये व्हायचं, ते आता जिल्ह्याच्या गावी होतं. ही लहान गोष्ट नाही.

माझे नानामामा आठवड्यातून दोनदा रावेर तालुक्यातून जळगावला जातात ते याच योजनेत. सगळं आयुष्य केळीत गेलं. शुगर नाही, तंबाखू नाही. प्रेशर वाढलं ते आजार निघाल्यावर. फाइलमध्ये कारणाच्या जागी लिहिलंय ‘अज्ञात’. मामी मला दर फोनला विचारते, “कशानं झालं असीन रे भाऊ हे?” गावात मात्र उत्तर तयार असतं. “पाण्यानं.”

आता ‘अज्ञात’ हे काही एकट्या मामांचं नशीब नाही. नडियादचे डॉ. मोहन राजापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या ५२,२७३ रुग्णांची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात मधुमेहामुळे आजार झालेले ३१ टक्के, आणि ज्यांचं कारणच ठरलं नाही असे १६ टक्के. म्हणजे दर सहा रुग्णांमागे जवळपास एक. शिवाय ही नोंद किडनीच्या डॉक्टरपर्यंत पोचलेल्यांची. जो पोचलाच नाही, तो ‘अज्ञात’मध्येसुद्धा नाही.

आणि पाण्याचा संशय उगाच नाही. आमच्या शेजारी बुलढाणा, अकोला, अमरावतीत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद (हे आमचं जळगाव नव्हे, पत्रं चुकतात म्हणून सांगतो) या तालुक्यांतल्या किडनीच्या रुग्णांबद्दल वर्तमानपत्रांत कितीतरी वर्षं छापून येतंय. तीच पूर्णा पुढे मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते. संगमावर उभं राहिलं की मनात आपोआप रेघ ओढली जाते. वर खारं पाणी, खाली आपण.

ही रेघ ओढताना मला बाल्कनची आठवण होते. ती गोष्ट जरा सावकाश सांगतो.

डॅन्यूब आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी, आजच्या सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया, बल्गेरिया आणि रुमानियात, शेतकऱ्यांची किडनी हळूहळू आकसून निकामी व्हायची. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी त्यावर लिहायला सुरुवात केली. आजार मोठा विचित्र. एका गावात असायचा, शेजारच्या गावात नाही. एका घरात असायचा, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात नाही. एकाच कुटुंबात दोघातिघांना व्हायचा म्हणून आनुवंशिक म्हणावा, तर बाहेरून येऊन पंधरावीस वर्षं तिथे शेती केलेल्यालाही व्हायचा, आणि लहानपणीच गाव सोडून गेलेला सुटायचा. गावं नदीकाठची, त्यामुळे संशय कुणावर गेला असेल ते सांगायला नको. पाण्यावर! कोणी म्हणालं शिसं, कोणी म्हणालं जमिनीखालच्या कोळशातून झिरपणारं द्रव्य, कोणी धान्यावरच्या बुरशीचं विष म्हणालं, कोणी विषाणू. चाळीस-पन्नास वर्षं विहिरींचं पाणी तपासणं चाललं होतं.

या गर्दीत इविच नावाच्या एका संशोधकाने १९६९ मध्ये वेगळंच काही म्हटलं. तो शेतात गेला. गव्हात ॲरिस्टोलोकियाचं तण माजलेलं, दोन्हींचं बी एकाच वेळी तयार होतं, कापणीत एकत्र येतं, गिरणीत एकत्र दळलं जातं. आणि हे झुडूप खाल्लेल्या घोड्यांची किडनी जाते हे पशुवैद्यांना त्याआधीच ठाऊक होतं. माणसं आपल्याच भाकरीतून रोज थोडंथोडं विष खात होती, असं त्याचं म्हणणं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग १९९३ मध्ये ब्रुसेल्समध्ये काही बायकांची किडनी झपाट्याने निकामी झाल्याचं प्रसिद्ध झालं. सगळ्या वजन कमी करायच्या एकाच केंद्रात जात होत्या आणि तिथल्या चिनी जडीबुटीच्या गोळ्यांत चुकीची वनस्पती पडली होती. कोणती? ॲरिस्टोलोकियाच्याच कुळातली. त्यांच्या किडनीचं चित्र बाल्कनच्या शेतकऱ्यांशी जुळलं. २००७ मध्ये अमेरिकेतले आर्थर ग्रोलमन आणि त्यांचे क्रोएशियन सहकारी यांनी रुग्णांच्या किडनीतल्या डीएनएवर त्या विषाचा ठसाच दाखवला. घराघरातला फरक पाण्याने कळत नव्हता, तो पिठाने कळला. ज्याचं शेत, त्याचं पीठ. इविचनंतर अडतीस वर्षांनी.

(याच कुळातली ईश्वरी म्हणजे सापसंद आपल्याकडच्या झाडपाल्यात सर्पदंशावर वापरतात. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी ब्रुसेल्स आठवावं.)

आता कोणी म्हणेल, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं पाणी निर्दोष? तसं मी अजिबात म्हणत नाही. खारं पाणी प्यायला लागूच नये, आणि त्यासाठी किडनीचं कारणही लागू नये. माझी तक्रार वेगळी आहे. ‘पाण्यानं’ म्हटलं की शोध संपतो. श्रीलंकेत भातशेतकऱ्यांच्या अशाच आजारासाठी जड पाणी, फ्लोराइड, तणनाशक असे एकेक आरोपी उभे राहिले. २०१५ मध्ये ग्लायफोसेटवर बंदीसुद्धा आली आणि नंतर ती सैल झाली. आंध्रात श्रीकाकुलमच्या उद्दानममध्ये नारळ-काजूच्या पट्ट्यात तेच कोडं आहे.

मध्य अमेरिकेत मात्र एक धागा चांगला हाती लागलाय. एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये लिहिलं की रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी रुग्णांना मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आणि बहुतेक शेतात राबणारे पुरुष आहेत. पुढे निकाराग्वातल्या ऊसतोड कामगारांत तेच दिसलं. भर उन्हात, जीव तोडून काम, घाम, पाणी कमी. किडनीला रोज थोडी इजा, आणि रात्री ती पूर्ण भरून यायच्या आत दुसरा दिवस. उन्हाशिवाय आणखी काही आहे का यावर अजून वाद आहे, पण पाणी, विश्रांती आणि सावली ठरवून दिल्यावर तोडणीच्या हंगामात किडनीला होणारी इजा कमी झाल्याचं तिथे दिसून आलं.

हे वाचताना भुसावळचा मे महिना डोळ्यांपुढे येणार नाही असा खानदेशी माणूस सापडायचा नाही. पंचेचाळीस अंश आम्हाला बातमी वाटत नाही. त्यात अंग दुखलं की संध्याकाळी दुकानातून आणलेली एक गोळी, बऱ्याचदा डायक्लोफिनॅक. घाम गाळून अंगातलं पाणी आटलं असताना ही गोळी किडनीला जड जाते, हे डॉक्टर सांगतातच. पण याच गोळीने गिधाडांचं काय केलं ते फार जणांना माहीत नसतं. ढोरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची किडनी निकामी व्हायची. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते बंद केलं. तोवर आभाळ जवळपास रिकामं झालं होतं.

नव्या औषधांबद्दलही एक ओळ लिहायला हवी, कारण मामांच्या मुलाने विचारलं होतं. डापाग्लिफ्लोझिन हे मुळात मधुमेहाचं औषध, पण मधुमेह नसलेल्यांचीही किडनी खराब होण्याचा वेग ते कमी करतं असं २०२० मध्ये दिसलं. आपल्याकडे त्याचं पेटंट त्याच वर्षी संपलं आणि ते स्वस्त झालं. त्याचं मूळ आहे सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये काढलेल्या एका द्रव्यात. पण हे औषध लवकर कळलं तर उपयोगाचं, डायलिसिसला लागल्यावर नव्हे. आणि लवकर कळायला लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं लागतं, तेही ज्याला काहीच होत नाहीये अशा माणसाचं. मामांचं पहिलं क्रिएटिनिन तपासलं तेव्हा पाय सुजले होते.

मागच्या उन्हाळ्यात सावद्याकडे केळी कापणाऱ्या टोळीच्या मुकादमाला मी निकाराग्वाची गोष्ट सांगितली. पाणी, विश्रांती, सावली. तो हसला. म्हणाला, “साहेब, केळीत तर सावलीच सावली आहे.” खरं आहे. उसाच्या फडात ऊन थेट डोक्यावर, केळीच्या बागेत पानांची छत. पण आत शिरून पाहा. ठिबकने जमीन ओली, चारी बाजूंनी पानं, वारा शून्य, अंगावरचा घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड व्हायचं कसं? डोक्यावर घड घेऊन तो माणूस त्या कोंडीतून ट्रकपर्यंत उन्हात येतो आणि परत आत जातो. दुपारपर्यंत असे किती फेरे होतात ते मी मोजायला लागलो होतो. मुकादमाने मला ट्रकच्या वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.