गीरचा सिंह आणि जुनागढचे नवाब

आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या मुलांना आम्ही एकदा शेराचे चित्र काढायला सांगितले. निम्म्या वर्गाने अंगावर पट्टे काढले, निम्म्याने आयाळ काढली. चूक कुणाचीच नव्हती. फारसीत शेर म्हणजे सिंह. पण हिंदुस्थानात वाघही शेरच झाला आणि सिंहाला ओळखू यावा म्हणून 'बबर शेर' म्हणावे लागले. मोगल बादशहांच्या शिकारीची वर्णने वाचतानाही तोच घोटाळा होतो. कुठे वाघ समजावा आणि कुठे सिंह, हे मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावे लागते.

त्याच तासाला आम्ही गीरची हकीकत सांगायला घेतली आणि जुनागढच्या नवाबाचे नाव येताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कुत्रे घेऊन पाकिस्तानात पळाला तोच ना?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. एवढ्या मोठ्या घराण्याची आमच्या मुलांकडे एवढीच एक ओळ उरली आहे, आणि ती ओळ खोटीही नाही.

सिंह एके काळी पश्चिम आशियापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत पसरलेला होता. बंदुका आल्या, रान तोडून शेती वाढली, इंग्रज अंमलदारांनी आणि संस्थानिकांनी मनमुराद शिकार केली. एकोणिसावे शतक संपताना साऱ्या आशियातला हा प्राणी हिंदुस्थानात तरी एकाच रानात उरला, काठेवाडातल्या गीरमध्ये. आज तर जगात दुसरीकडे कुठेच तो मोकळ्या रानात नाही. गीरचा बहुतेक भाग जुनागढच्या बाबी नवाबांच्या ताब्यात होता.

१८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत 'छप्पनिया' म्हणून ओळखला जातो, कारण ते विक्रम संवत १९५६ होते. गुरे मेली, रानातले भक्ष्य संपले, सिंह गावांकडे वळले आणि माणसांवरही हल्ले झाले. त्याच १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आले. त्यांच्यासाठी सिंहाच्या शिकारीचा बेत होता. इतक्या दुर्मीळ प्राण्याची शिकार व्हाइसरॉयने करावी का, असे विचारणारे पत्र वर्तमानपत्रात आले. कर्झन यांनी शिकार रद्द केली आणि सिंह जपा, असा सल्ला नवाब रसूलखानजींना दिला. पुष्कळ पुस्तकांत गोष्ट इथेच संपते आणि श्रेय कर्झन यांच्या पदरात पडते. जुनागढ संस्थानाने त्याआधीपासूनच शिकारीवर निर्बंध घातले होते, हे मात्र फार थोड्या ठिकाणी लिहिलेले असते.

सर्वांत मजेदार गोष्ट आकड्यांची आहे. १९१३ साली संस्थानाचे वन अधिकारी वॉलिंजर यांनी सिंह वीसहून अधिक नाहीत, असे लिहिले. १९३६ च्या गणनेत ते २८७ भरले. तेवीस वर्षांत चौदापट! गणित शिकवणाऱ्या माणसाला हे पचत नाही. १९७४ साली १८० सिंह होते आणि २०२० साली ६७४ झाले. म्हणजे एवढे कायदे, एवढे पहारे असताना शेहेचाळीस वर्षांत चौपटही नाही. जाणकारांचे मत असे, की संस्थान आकडा मुद्दाम कमी सांगत होते. कारणही उघड आहे. प्रत्येक गोऱ्या साहेबाला सिंह मारायचा होता. नवाबाला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती; 'हुजूर, उरलेतच किती!' म्हणण्याची होती. दुबळ्याचे हे जुने हत्यार आहे.

शेजाऱ्यांचा उपद्रव वेगळाच. गीरच्या कडेला लहानमोठी संस्थाने होती, बडोद्याच्या गायकवाडांचाही मुलूख होता. हद्दीपाशी आमिषाला जनावर बांधायचे, जुनागढचा सिंह ओलांडून आला की गोळी घालायची. त्यावरून तक्रारी आणि पत्रव्यवहार चालत.

शेवटचे नवाब महाबतखानजी तिसरे यांनी सिंहाबरोबर गीर गाय आणि काठेवाडी घोडा यांचीही निगा राखली. ते संत होते असे आम्ही म्हणत नाही. बड्या पाहुण्यांसाठी मोजक्या सिंहांची शिकार त्यांच्या काळातही होत होती. कुत्र्यांचा षोक तर हद्दीबाहेरचा. आणि १९४७ साली, जमिनीच्या बाजूने भारताने वेढलेले, बहुसंख्य हिंदू रयतेचे संस्थान त्यांनी पाकिस्तानात सामील केले. रयतेला विचारले नाही. ऑक्टोबरमध्ये ते कराचीला गेले, ९ नोव्हेंबरला भारताने कारभार हाती घेतला. फेब्रुवारी १९४८ च्या सार्वमतात पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली. तिथल्या मुसलमानांचा कौलही त्यात आलाच. १९५९ साली नवाब कराचीतच वारले. सिंह इथेच राहिले.

१९६५ साली गीर अभयारण्य झाले आणि १९७५ साली त्याच्या गाभ्याचे रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले. पण त्या रानात मालधारी पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंहाच्या पोटात जाणारे बहुतेक अन्न त्यांच्याच गाईम्हशींचे होते. सिंहाला पोसले मालधाऱ्यांनी, आणि उद्यान होताना रान सोडावे लागले तेही त्यांच्यातल्याच शेकडो कुटुंबांना. जमिनी मिळाल्या, पण गुराख्याच्या हाती नांगर दिला म्हणून तो शेतकरी होत नाही. नवाबाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी यांचीही आठवण ठेवावी.

मालकीची भावना मात्र नवाबाबरोबर कराचीला गेली नाही. सगळे सिंह एकाच भागात असणे धोक्याचे, म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातील कुनोला न्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. गुजरातने सिंह दिले नाहीत. २०१८ साली गीरमध्ये रोगाची साथ आली, काही आठवड्यांत २३ सिंह गेले. २०२२ साली कुनोत सिंहांऐवजी नामिबियाचे चित्ते उतरले. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले. आता आकडा लपवायचा नसतो, मिरवायचा असतो.

एवढे सिंह जुन्या रानात मावत नाहीत. ते शेतांतून, रेल्वेच्या रुळांवरून थेट समुद्रापर्यंत गेले आहेत. राजुला, पिपावाव, जाफराबाद इथल्या किनाऱ्यावर ते वावरतात. जाफराबाद हे नाव आमच्या कोकणी वाचकांना परके वाटू नये. अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत ते मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होते. गीरच्या कडेला जांबूर गावात आजही सिद्दी मुसलमानांची वस्ती आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात नकाशा नेला. कुत्र्यांबद्दल विचारणाऱ्या त्याच मुलाला उभे करून जंजिरा आणि जाफराबाद शोधायला लावले. दोन्ही बोटे समुद्रावर ठेवून तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "सर, सिंहाला पोहता येतं का?"