घराची परीक्षा

आज आम्ही तुम्हाला एका परीक्षेचा इतिहास सांगणार आहोत. परीक्षेला बसले विद्यार्थी, पण तपासलं गेलं घर.

२००२ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं वॉशिंग्टनला ‘सोलर डेकॅथलॉन’ ही स्पर्धा भरवली. डेकॅथलॉन म्हणजे दहा कसोट्या. विद्यार्थ्यांनी उन्हाच्या विजेवर चालणारं घर नुसतं कागदावर काढायचं नाही, तर उभं करून चालवून दाखवायचं. २०१० मध्ये ही स्पर्धा युरोपात, माद्रिदला भरली. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायला भरली, तेव्हा तिथं भारताचा पहिला संघ उतरला. आपल्या भिवंडीहून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटीची आणि मुंबईच्या रचना संसद वास्तुकला महाविद्यालयाची ही मुलं. संघाचं नाव ‘टीम शून्य’. घरानं वर्षभरात जेवढी वीज वापरायची, तेवढी स्वतःच तयार करायची, म्हणजे हिशेब शून्य.

आम्हाला खरी गंमत वाटली ती कसोट्यांची. घरात कपडे धुवायचे, भांडी घासायची, स्वयंपाक करायचा, शेजारच्या संघांना जेवायला बोलवायचं आणि तरी आतला उकाडा वाढू द्यायचा नाही. जे काम आपण रोज करतो आणि कुणी मोजत नाही, त्याला तिथं गुण होते!

अशा घराचा पहिला नियम असा, की आधी विजेची गरज कमी करायची, पॅनेल मागून. सावली हवी, समोरासमोर खिडक्या हव्यात, छप्पर तापायला नको. हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. पण चूल अंधारात नि धुरात असायची, आणि दर पावसाळ्याआधी घर शाकारावं लागायचं. म्हणून आपण पत्रे घातले. आता एप्रिलच्या दुपारी पंखासुद्धा गरम वारा फेकतो.

२०२४ पासून केंद्राच्या ‘सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. जरूर चौकशी करा. पण त्याआधी, गवंडी फक्की मारायला येईल त्या दिवशी तिथं उभ्या राहा. विचारा, स्वयंपाकघराची खिडकी कुठे? पश्चिमेच्या उन्हाला आडोसा कुठला? पत्र्याखाली काय घालणार?

घराची परीक्षा रोज आपणच देतो. मग नकाशा काढतानाही आपल्याला विचारायला नको का?