उतारावर इंजिन काय करते?



दुचाकी उतारावर आहे आणि तुम्ही उजवी मूठ सोडली. ब्रेक दाबलेला नाही, तरी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी गाडी मंदावते. हा इंजिनाचा रोध. फोर-स्ट्रोक, म्हणजे चार धावांच्या इंजिनात तो चांगला जाणवतो. टू-स्ट्रोकमध्ये फार थोडा. असे का व्हावे?

1876 साली जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी चार धावांचे इंजिन सिद्ध केले. त्यात दट्ट्या पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढतो, दाबतो, स्फोटाने ढकलला जातो आणि शेवटी धूर बाहेर टाकतो. पुष्कळांना वाटते, हवा दाबण्यात जोर जातो म्हणून गाडी अडते. पण दाबलेली हवा तो जोर पुढच्या धावेत बहुतेक परत देते! खरा खर्च ओढण्यात आहे. मूठ सोडली की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि दट्ट्याला पोकळीविरुद्ध ओढावे लागते. शिक्षकांनी वर्गात सुई नसलेली पिचकारी घ्यावी, तिचे तोंड बोटाने अर्धवट बंद करून दांडा ओढायला लावावा. मुलांना गोष्ट हाताने कळेल.

टू-स्ट्रोकची रचना ब्रिटनमध्ये ड्युगाल्ड क्लार्क आणि नंतर जोसेफ डे यांनी घडवली. डे यांच्या पद्धतीत मिश्रण आधी दट्ट्याखालच्या पेटीत येते. त्या पेटीत जागा मोठी, म्हणून ओढ सौम्य. झडपा हलवण्याचा भारही नाही. मूठ सोडली तरी गाडी घरंगळत राहते.

डोंगर-चिखलातल्या मोटोक्रॉस शर्यतींत हा फरक फार मोलाचा ठरला. 1964 आणि 1965 साली 500 सीसी गटाचे जगज्जेतेपद इंग्लंडच्या जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर मिळवले. 1966 साली पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रिडरिक्सने ते चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड टू-स्ट्रोकवर जिंकले. हलकी गाडी आली. पण वळणाआधी वेग मोडण्याचे काम आता ब्रेकवर आले. पुढे 1998 साली अमेरिकेत डग हेन्री यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर राष्ट्रीय विजेता झाला, आणि काटा पुन्हा फिरला. टू-स्ट्रोकवर वाढलेल्या स्वारांना नवी सवय करावी लागली, कारण इथे मूठ एकदम सोडली तर मागचे चाक अडते, उतारावर उड्याही मारते.

आपल्याकडेही हे स्थित्यंतर झाले. राजदूत, येझदी, 1972 पासूनचा बजाज चेतक, ही सारी टू-स्ट्रोकची पिढी. 1985 साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली. आता पेट्रोलच्या नव्या दुचाक्या बहुतेक फोर-स्ट्रोकच असतात.

तेव्हा मंडळी, घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका, इंजिन बंद तर मुळीच करू नका. खालच्या गिअरमध्ये उतरा. इंजिन अर्धा भार उचलील आणि ब्रेक तापणार नाहीत. जुनी टू-स्ट्रोक असेल, तर ब्रेक आधी तपासा आणि अंतर जास्त ठेवा. जिच्यात तेल पेट्रोलमधूनच जाते, तिची मूठ लांब उतारावर अधूनमधून थोडी उघडा. मूठ बंद तर तेलही बंद, आणि दट्ट्या जागच्या जागी आवळला तर चाक अडून गाडी पडते. घरी वाट पाहणारे माणूस असते, एवढे ध्यानात ठेवून उतरा.