जमिनीचा भाव कशाचा असतो? मलकापूरच्या सातबाऱ्यामागचा इतिहास

१/ कोल्हापूरहून आंबा घाटाकडे निघाले की वाटेत मलकापूर लागते. मागे कोल्हापूरची बाजारपेठ, पुढे घाट उतरून कोकण. येथे एखादे शेत वा भूखंड घेऊन ठेवावा, असे अनेकांना वाटते. पण एकाच रस्त्यालगतच्या, एकाच मातीच्या दोन जमिनींचे भाव वेगळे का? उत्तर इतिहासात आहे. (थ्रेड)

२/ मराठेशाहीत जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई. उपरी काही काळापुरता कसणारा. त्याच्याजवळ विकण्याजोगे काही नसे. माती तीच, पण विकला जाई तो हक्क.

३/ मिरासीची विक्री घेणारा आणि देणारा एवढ्यांपुरती नसे. पाटील, कुलकर्णी, गोत, बलुतेदार यांच्या साक्षीने खरेदीखत होई. पुढे कोणा भाऊबंदाने दावा सांगू नये, हा त्यामागचा हेतू. आज वारसनोंदी तपासतात त्या याच भीतीने.

४/ मलकापूर हे विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचे ठाणे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगडाची तटबंदी पाडली गेली आणि जहागिरीचा कारभार मलकापुरास आला. ही जहागीर करवीर राज्याची मांडलिक. म्हणजे एकाच शेतावर जहागीरदाराचा वसूल, वतनदाराचा मान आणि कुळाची वहिवाट असे तीन थर असू शकत.

५/ इंग्रजी मुलखात प्रिंगल यांची सारापद्धती फसली. आकारणी जड झाली आणि शेते ओस पडली. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरातून नवी मोजणी सुरू केली. मातीचा रंग व खोली पाहून प्रतवारी, बाजाराचे अंतर पाहून दर आणि ३० वर्षे सारा स्थिर. पुढे कोल्हापूर संस्थानातही याच धर्तीची मोजणी झाली.

६/ सारा हलका व निश्चित झाला, तशी जमीन तारण ठेवण्याजोगी झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत कापसाचे भाव चढले, कर्जे वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज तेवढे उरले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. कर्जरोखे जाळले गेले. तेजीतला भाव कायमचा धरून कर्ज काढणाऱ्यासाठी हा धडा आजही ताजा आहे.

७/ १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. महार वतनाच्या जमिनीही त्याच वर्षी रयताव्यात आल्या. वेठीला बांधलेली जमीन कसणाऱ्याच्या नावे होऊ लागली.

८/ १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. १ ऑगस्ट १९५४ पासून विलीन मुलखातील जहागिरी संपल्या. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. कुळे मालक ठरू लागली. पण कूळकायद्याने मिळालेल्या आणि वतनाच्या पुनर्प्रदान झालेल्या जमिनींवर विक्रीच्या अटी राहिल्या.

९/ हा सारा इतिहास सातबाऱ्यावर दोन शब्दांत उतरतो: ‘भोगवटादार वर्ग २’. अशी जमीन शासनाची परवानगी वा नजराणा यांवाचून सहसा विकता येत नाही. म्हणून नव्या खरेदीदाराने ‘इतर हक्क’ हा रकाना आणि जुने फेरफार आधी वाचावेत. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हेही विसरू नये.

१०/ मग भाव. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्काचा आधार, बाजारभाव नव्हे. शेजारच्या अलीकडच्या नोंदणीकृत खरेदीखतांतील रकमा पाहाव्यात. गाळा असेल तर भाडे मोजावे: समजा किंमत २० लाख आणि वर्षाचे भाडे १ लाख, तर परतावा ५ टक्के. दुरुस्ती व कर वजा जाता तो आणखी कमी. कर्जाचा व्याजदर याहून अधिक असेल, तर सारी भिस्त भाववाढीवर. आणि भाववाढीची हमी १८६५ सालीही नव्हती.

११/ विंगेट यांच्या काळापासून माती, पाणी, रस्ता आणि बाजार यांवर दर ठरत आला. मिरासदाराच्या काळापासून हक्कावर विक्री ठरत आली. जमीन फारच स्वस्त मिळत असेल, तर तिच्यात दुसऱ्या कोणाचा हक्क शिल्लक नाही ना, हे आधी पाहावे. तो हक्क बहुधा एखाद्या कुळाचा, वतनदाराचा किंवा नोंदीतून वगळलेल्या बहिणीचा असतो.