हंगाम आणि परवाना : भारतातील शिकारनियमांचा इतिहास

मराठीत एकाच क्रियेला दोन शब्द आहेत. ‘पारध’ हा जुना शब्द. संस्कृत ‘पापर्द्धि’पासून प्राकृत ‘पारद्धि’मार्गे तो मराठीत आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. ‘शिकार’ हा फारसी, दरबारातून आलेला. जुन्या मराठी ग्रंथांत राजेही पारधीलाच जातात. पण पुढे हे शब्द आपापल्या वाटेने गेले. पेशव्यांच्या पदरी ‘शिकारखाना’ होता आणि रानात फासे मांडून पोट भरणारा समाज ‘पारधी’ म्हणून ओळखला गेला. शब्दांची ही वाटणी निरुपद्रवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात शिकारीचे कायदे होऊ लागले तेव्हा तिलाच कायद्याचे रूप मिळाले.

या कायद्यांची दोन मुख्य साधने होती : हंगाम आणि परवाना. ती नेहमी जोडीने येतात, म्हणून एकच समजली जातात. परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. हंगाम प्राण्याच्या जीवनक्रमाकडे पाहतो. त्याची वीण केव्हा, पिले केव्हा वाढतात, हा त्याचा प्रश्न असतो. परवाना माणसाकडे पाहतो : मारणारा कोण, त्याची ऐपत किती, त्याच्या हाती बंदूक आहे की फासा. भारतातील शिकारनियमांचा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांच्या परस्परसंबंधाचा इतिहास होय, अशी प्रस्तुत निबंधाची मांडणी आहे.

१. आरंभीचे कायदे

पहिले संरक्षण मिळाले ते हत्तीला. मद्रास इलाख्यात १८७३ मध्ये आणि पुढे १८७९ मध्ये भारत सरकारने रानहत्तींच्या रक्षणाचे कायदे केले. हत्ती हा लष्कराच्या, लाकूडवाहतुकीच्या आणि सरकारी इतमामाच्या उपयोगाचा प्राणी होता. जिवाच्या अथवा पिकाच्या रक्षणार्थ त्याला मारण्याची मुभा होती. एरवी परवान्याखेरीज त्याला मारता अथवा पकडता येत नसे. येथे परवाना आहे, हंगाम नाही. कारण प्रश्न वंशवृद्धीचा नसून मालकीचा होता.

हंगामाची कल्पना निलगिरीच्या थंड पठारावर रुजली. तेथील युरोपीय रहिवाशांनी १८७७ मध्ये शिकार-संरक्षणासाठी संघ स्थापन केला आणि १८७९ मध्ये मद्रास सरकारने निलगिरीपुरता स्वतंत्र कायदा केला. विणीच्या काळात बंदी आणि एरवी शिकाऱ्याला परवाना, ही जोडी येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. त्याच सुमारास दोन कायद्यांनी चौकट पक्की केली. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलात सरकारी नियमांविरुद्ध शिकार करणे, सापळे मांडणे आणि पाण्यात विष कालवणे हे गुन्हे ठरवले. त्याच वर्षीच्या हत्यारबंदीच्या कायद्याने बंदूक बाळगण्यालाच परवाना लावला. जंगल आणि हत्यार या दोन्हींच्या दाराशी आता सरकारचा पहारेकरी उभा होता.

१८८७ च्या पक्षी-संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात नुकत्याच मारलेल्या अथवा पकडलेल्या पाखरांचा बाळगा व विक्री रोखण्याचे अधिकार नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीपुरते दिले. १९१२ च्या कायद्याने क्षेत्र वाढवले. त्याच्या अनुसूचीत माळढोक, बदके, तितर, लावे आणि मोर होते. पिसांच्या व्यापारासाठी मारले जाणारे बगळे, नीलकंठ व खंड्या होते. हरणे, काळविटासारखे कुरंग, गवे, रानम्हशी, गेंडे आणि ससेही होते. मनाईचा काळ कोणता, हे ठरवणे प्रांतिक सरकारांवर सोपवले होते. पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड अथवा महिनाभराची कैद.

२. ज्यांना हंगाम नव्हता

या अनुसूचीत कोण आहे, यापेक्षा कोण नाही हे अधिक बोलके आहे. वाघ, बिबट्या आणि लांडगा यांची नावे तिच्यात नाहीत. त्यांना मनाईचा काळ नव्हता. उलट त्यांना मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा बक्षिसांपायी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. एका बाजूला लाव्याच्या अंड्यांची काळजी आणि दुसऱ्या बाजूला वाघिणीच्या बछड्यांवर इनाम, हा विरोधाभास त्या काळी कोणाला खटकत नसे. पहिला ‘शिकारीचा प्राणी’ होता, दुसरा ‘उपद्रवी’.

यावरून एक सूत्र हाती येते. ज्या प्राण्याला हंगाम आहे, त्याला राज्यसत्तेने टिकवण्याजोगा मानलेला असतो. ज्याला हंगाम नाही, तो तिच्या लेखी शत्रू असतो.

३. फासेपारध्यांचा नियम

मग कायद्यापूर्वी हंगाम नव्हताच काय? माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी दख्खनच्या पठारावरील भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला. एकाच प्रदेशात फिरणारे हे समाज वेगवेगळे प्राणी आणि वेगवेगळ्या पद्धती वाटून घेत असल्याचे त्यांना आढळले. फासेपारधी फाशांनी हरणे व पाखरे धरीत. तिरुमल नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर व घोरपड यांच्या मागावर जात. वैदूंचा भर मुंगसासारख्या लहान मांसाहारी प्राण्यांवर आणि गोड्या पाण्यातील जीवांवर असे. फाशात गाभण मादी अथवा पाडस सापडले, तर फासेपारधी ते सोडून देत.

हा नियम लिहिलेला नव्हता. त्याला दंड नव्हता आणि दप्तर नव्हते. परंतु मादी व पिले यांना वगळावे हे १९७२ च्या कायद्याने शिकाऱ्यांना जे बजावले, त्याचे सार त्यात होते. या समाजाला मात्र कायद्याकडून काय मिळाले? अनेक पारधी गट १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांखाली आणले गेले. ते कायदे १९५२ मध्ये रद्द झाले. संस्थानिकांसाठी चित्ते पकडून त्यांना काळविटाच्या शिकारीचे शिक्षण देणारे पारधी कोल्हापूर, बडोदे येथील दरबारांना हवे होते; तोच पारधी स्वतःच्या चुलीसाठी हरिण धरू लागला की चोर ठरे. हंगामाची समज त्याच्याकडे होती. परवाना नव्हता.

हा आदर्शवाद नव्हे. वाढती बाजारपेठ, कमी होत जाणारे माळरान आणि शेतीचा विस्तार यांच्यासमोर असे नियम टिकले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मुद्दा एवढाच की, कायद्याने त्यांची नोंदसुद्धा घेतली नाही.

४. परवान्याचा उत्कर्ष आणि अंत

स्वातंत्र्यानंतर वन्यप्राणी हा राज्यसूचीतील विषय राहिला. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण अधिनियम हा त्या काळातील एक व्यापक कायदा होता. तरीही राज्याराज्यांतील नियमांचा मेळ नव्हता. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची महासभा दिल्लीत भरली आणि वाघाच्या घटत्या संख्येची चिंता ऐरणीवर आली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. शतकभर ज्याला हंगामच नव्हता, त्याच्यासाठी आता वर्षाचे बारा महिने मनाईचे झाले.

अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ अन्वये संसदेने १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत केला. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत गेला. मूळ अधिनियमात परवान्याची पद्धत मोडली नव्हती, उलट ती बारकाईने रचली होती : विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणे असे चार प्रकारचे परवाने होते. एका अनुसूचीत ‘उपद्रवी’ प्राणी होते. त्यांना हंगाम नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपवले. जिवाला धोका, पिकाची हानी, संशोधन अशी मोजकी कारणे तेवढी अपवाद म्हणून उरली.

पारंपरिक शिकारीला देशात एका ठिकाणी स्पष्ट जागा आहे. निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींना १९६७ च्या अधिसूचनेने दिलेले शिकारीचे हक्क १९७२ च्या अधिनियमाने अबाधित ठेवले. मुख्य भूमीवर तसे घडले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. पण शिकार करण्याचा व सापळे लावण्याचा हक्क त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळला.

५. जुने प्रश्न, नवे प्रस्ताव

आता नियम पुन्हा बदलू पाहत आहेत, आणि या वेळी मागणी दरबारातून नव्हे, शेतातून आली आहे. रानडुकरांनी आणि नीलगाईंनी उभे पीक तुडवल्यावर शेतकऱ्याचा संताप खोटा म्हणता येत नाही. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांना ठरावीक क्षेत्रांत, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवले. २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा येथे नीलगाई मारण्यासाठी हैदराबादहून नेमबाज आणण्यात आले. २०२२ मध्ये केरळने रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची मदत घेतली. २०२२ च्या केंद्रीय दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची अनुसूची काढून टाकली, पण तसे घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार कायम ठेवला. २०२५ मध्ये केरळ विधानसभेने हा अधिकार राज्याकडे घेणारे दुरुस्ती विधेयक संमत केले.

या साऱ्या प्रस्तावांत मुदत आहे, हंगाम नाही. ‘एक वर्ष’ हा प्रशासनाचा काळ आहे; वीण आणि पिले यांच्याशी त्याचा संबंध नाही. बंदूक पुन्हा परवानाधारकाच्याच हाती आहे. ज्याचे पीक गेले तो बहुधा अर्जदार, आणि ज्याच्या पूर्वजांना प्राण्याचे ऋतुमान ठाऊक होते तो बहुधा संशयित. एकोणिसाव्या शतकातली मांडणी, वाघाच्या जागी नीलगाय घालून, पुन्हा उभी राहिली आहे.

शिकार पुन्हा सुरू करावी की करू नये, याचा निवाडा या निबंधाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु या क्षेत्रातील कोणत्याही नव्या नियमाला दोन प्रश्न विचारणे इतिहासाने भाग पाडले आहे. या प्राण्याला हंगाम दिला आहे काय? आणि परवाना कोणाला नाकारला आहे? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर प्राण्याला शत्रू ठरवले गेले आहे. दुसऱ्याचे उत्तर कोणी देत नसेल, तर माणसालाही.